पिक्सेल डिटेक्टर आणि सेन्सर ॲरेचं वेगवान रीडआउट: इंदूरमधल्या प्रयोगशाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅटमध्ये, म्हणजे राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉनांना रिंगेत फिरवून एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) स्वतःचा डिटेक्टर लावू पाहणारे संशोधक, आणि सिमरोलची आयआयटी, एसजीएसआयटीएस किंवा देवी अहिल्या विद्यापीठात रीडआउट बोर्डाचा प्रोजेक्ट घेतलेले विद्यार्थी, अशा दोघांसाठी हे पान आहे. रीडआउट म्हणजे सेन्सरचा सिग्नल मोजून पीसीपर्यंत पोचवणारं इलेक्ट्रॉनिक्स. एफपीजीएवर (हवं ते डिजिटल सर्किट आत घडवता येणाऱ्या चिपवर) एखादं डिझाइन चालवून पाहिलंय आणि ऑसिलोस्कोप हाताळता येतो, एवढं गृहीत धरलंय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे माणसं जास्त अडतात तिथे जास्त लिहिलंय.

आम्हाला ‘वेगवान’ रीडआउट हवाय. सुरुवात कुठून करायची?

कुठला वेग हवाय ते आधी कागदावर लिहा. या कामात तीन वेग असतात आणि कोटेशन मागवताना तिन्हींची हमखास सरमिसळ होते. पहिला, एका पिक्सेलला सेकंदाला किती फोटॉन मोजता येतात. दुसरा, सेकंदाला किती फ्रेम बाहेर येतात. तिसरा, एखादा कण नेमका कधी आला हे किती नॅनोसेकंदांपर्यंत सांगता येतं. डिफ्रॅक्शनच्या माणसाला पहिला वेग लागतो, हलत्या नमुन्याचं इमेजिंग करणाऱ्याला दुसरा, आणि टाइम-ऑफ-फ्लाइटवाल्याला (कणाला पोचायला लागलेला वेळ मोजणाऱ्याला) तिसरा. तिन्ही एकदम देणारी चिप मिळते, पण तिची पूर्ण क्षमता वापरणारा प्रयोग क्वचितच असतो.

त्यानंतर चार आकडे काढा: पिक्सेल किती, एका पिक्सेलमागे किती बिट, सेकंदाला किती फ्रेम किंवा हिट (एका पिक्सेलवरची एक नोंद), आणि सलग किती वेळ डेटा घ्यायचाय. बोर्ड, केबल, नेटवर्क कार्ड, डिस्क हे सगळं या चार आकड्यांवरून ठरतं. ते काढायच्या आधी एफपीजीए बोर्ड मागवलात, तर पुढे प्रयोग त्या बोर्डाच्या मापाने कापावा लागतो.

एका फोटॉनमागे चार्ज तरी किती मिळतो?

फारच कमी. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक्स-रे फोटॉनमागे साधारण २२०० इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.३५ फेम्टोकूलम. ३०० मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून आरपार गेलेला वेगवान भारित कण याच्या दसपट, सुमारे २२,००० इलेक्ट्रॉन सोडतो. कॅडमियम टेल्युराइडमध्ये एका जोडीला ४.४३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, त्यामुळे अमेरिशियम-२४१ च्या ५९.५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅमामागे साधारण १३,४०० इलेक्ट्रॉन येतात.

चार्ज ॲम्प्लिफायरचा फीडबॅक कपॅसिटर १० फेम्टोफॅरडचा असेल तर ०.३५ फेम्टोकूलमचे ३५ मिलिव्होल्ट होतात. कॉम्पॅरेटरला (सिग्नल ठरावीक पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला का ते सांगणाऱ्या सर्किटला) तेवढे पुरतात. मात्र कपॅसिटर इतका छोटा चिपच्या आतच ठेवता येतो.

मग चांगले ऑपॲम्प लावून ॲम्प्लिफायर आपणच का बनवू नये?

पॅड डिटेक्टर, स्ट्रिप किंवा ८ × ८ चा मोठ्या तुकड्यांचा ॲरे असेल तर जरूर बनवा. शिकायला त्याहून चांगलं काही नाही. पिक्सेलला मात्र ते जमत नाही, आणि कारण कपॅसिटन्सचं आहे. पिक्सेलचा स्वतःचा कपॅसिटन्स शंभर फेम्टोफॅरडच्या आसपास असतो. बोर्डावरची सेंटिमीटरभर ट्रेस त्यात साधारण १ पिकोफॅरड भर घालते, म्हणजे एकदम दसपट. ॲम्प्लिफायरचा सिरीज नॉइज इनपुट कपॅसिटन्सच्या प्रमाणात वाढतो. शिवाय खोलीच्या तापमानाला १ पिकोफॅरडवर रीसेट स्विचचा नॉइज एकटाच ४०० इलेक्ट्रॉन होतो. १०० फेम्टोफॅरडवर तोच १२७ असतो. २२०० इलेक्ट्रॉनांचा सिग्नल आणि त्यात ४०० चा नॉइज, यात सुखाने मोजणी होत नाही.

म्हणूनच सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल बम्प बाँडने (धातूच्या सूक्ष्म थेंबाच्या जोडाने) थेट खालच्या चिपच्या पिक्सेलवर बसवतात. टाइमपिक्स आणि मेडिपिक्स घराण्याच्या चिपांमध्ये ५५ मायक्रोमीटरचे २५६ × २५६ पिक्सेल असतात आणि प्रत्येकाखाली ॲम्प्लिफायर, कॉम्पॅरेटर, काउंटर असा सगळा संसार असतो. तुमचं रीडआउट इलेक्ट्रॉनिक्स सुरू होतं ते या चिपच्या डिजिटल पिनांपासून पुढे. ॲनालॉग लढाई चिपच्या आतच लढली गेलेली असते. तुम्ही ती बाहेरून फक्त बिघडवू शकता: खराब पॉवर आणि खराब ग्राउंड देऊन.

फ्रेमवार रीडआउट घ्यावं की हिटवार?

हे हिशोबाने ठरतं. २५६ × २५६ पिक्सेल आणि १२ बिट म्हणजे एका फ्रेमला ७,८६,४३२ बिट. चित्र रिकामं असो वा भरलेलं, तेवढे बिट वाहून न्यावेच लागतात. हिटवार पद्धतीत जिथे काही घडलं त्याच पिक्सेलचं पाकीट बाहेर येतं; टाइमपिक्स-३ मध्ये एका हिटचं पाकीट ४८ बिटचं असतं. ७,८६,४३२ ला ४८ ने भागा: १६,३८४ हिट. म्हणजे एका फ्रेममध्ये पंचवीस टक्क्यांहून कमी पिक्सेल पेटणार असतील तर हिटवार स्वस्त पडतं, जास्त पेटणार असतील तर फ्रेमवार. रेडिओग्राफीत सगळेच पिक्सेल पेटतात, तिथे हिटवार पद्धतीचा हट्ट धरू नका. कणांचे माग, न्यूट्रॉन, टाइम-ऑफ-फ्लाइट अशा विरळ कामांना मात्र ती उत्तम.

हिटवार पद्धतीचं एक दुखणं आधीच सांगून ठेवतो. एखादा पिक्सेल बिघडून सतत पेटू लागला, तर तो एकटा सेकंदाला लाखो पाकिटं ओततो. असे काही डझन जमले की चिपची सेकंदाला आठ कोटी हिटची क्षमता त्यांच्यातच संपू लागते आणि खरे हिट वाटेत गळतात. फ्रेमवार पद्धतीत तोच पिक्सेल नुसता एक पांढरा ठिपका दिसला असता. तेव्हा हिटवार चिप सुरू करताना आधी मास्क (बिघडलेले पिक्सेल बंद करणं), मग बीम.

जुनी टाइमपिक्स चिप जोडली, लिंक चालू दिसते, पण चित्राऐवजी मुंग्या दिसतात. चिप गेली का?

बहुधा चिप ठणठणीत आहे. दोन गोष्टी राहून गेल्या असतील.

पहिली: या चिपचा प्रत्येक कॉलम म्हणजे २५६ पिक्सेल × १४ बिट, अशी ३५८४ बिटची एक शिफ्ट रजिस्टर आहे, आणि सगळे २५६ कॉलम एकदम सरकतात. म्हणजे बाहेर येणाऱ्या ओळीत एका पिक्सेलचे १४ बिट शेजारी शेजारी नसतात; २५६ कॉलमांचा एकेक बिट येतो, मग पुढचा. एफपीजीएत किंवा पीसीवर हे मॅट्रिक्स आडवं-उभं फिरवावं लागतं.

दुसरी: आतला काउंटर साधा बायनरी नाही, एलएफएसआर (फीडबॅक दिलेली शिफ्ट रजिस्टर) आहे. जागा वाचवण्यासाठी तसा केलाय. तो १, २, ३ असा न चढता ठरलेल्या पण विस्कळित दिसणाऱ्या क्रमाने जातो आणि ११,८१० पर्यंतच मोजतो. त्यामुळे १६,३८४ नोंदींचा एक तक्ता करून प्रत्येक आकडा त्यातून उलटवून घ्यावा लागतो. एफपीजीएतल्या ब्लॉक रॅममध्ये हा तक्ता आरामात बसतो.

एवढं करूनही मुंग्याच दिसल्या तर एका ओळखीच्या पिक्सेलमध्ये टेस्ट पल्सने मोजून १०० पल्स टाका आणि १०० परत येतात का ते बघा. चित्राकडे तासभर बघत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम जास्त सांगून जातं.

ही पूर्ण चिप एका सिरीयल लाइनवर १०० मेगाहर्ट्झने रिकामी करायला ९.२ मिलिसेकंद लागतात. ३२ बिटच्या समांतर बसवर ३०० मायक्रोसेकंदांच्या आत. त्या वेळात चिप आंधळी असते, हे एक्स्पोजर ठरवताना धरा.

थ्रेशोल्ड कसा लावायचा? प्रत्येक पिक्सेल वेगळाच वागतो.

वागणारच. एकाच चिपवरच्या ६५,५३६ कॉम्पॅरेटरांचे ऑफसेट सारखे निघत नाहीत. म्हणून प्रत्येक पिक्सेलमध्ये ४ किंवा ५ बिटचा एक छोटा ट्रिम डॅक (दिलेल्या आकड्यानुसार ऑफसेट जुळवणारं सर्किट) दिलेला असतो. तो लावण्याला इक्वलायझेशन म्हणतात, आणि चांगल्या-वाईट डेटातला निम्मा फरक तिथेच पडतो.

पॉवर दिल्यावर चिपचं तापमान स्थिर होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण तापमानाबरोबर डॅक सरकतात. सेन्सरचा बायस (त्याला दिलेलं डीसी व्होल्टेज) चालू ठेवा. बायस बंद ठेवून केलेलं इक्वलायझेशन बायस चढवल्यावर लीकेजमुळे (सिग्नल नसतानाही वाहणाऱ्या करंटमुळे) बिघडतं. सगळे ट्रिम ० वर ठेवून ग्लोबल थ्रेशोल्ड नॉइजच्या आरपार सरकवा आणि प्रत्येक पिक्सेलचा नॉइज कुठे शिखर गाठतो ते नोंदवा. तेच ट्रिम कमाल आकड्यावर (४ बिटला १५) ठेवून पुन्हा करा. दोन्ही वाटपांच्या मधोमध एक लक्ष्य ठरवा आणि सरळ रेषेने प्रत्येक पिक्सेलचा ट्रिम काढा. मग पडताळणीसाठी तिसरा स्कॅन घ्या. हा तिसरा स्कॅन वेळ नाही म्हणून गाळला जातो आणि मग आठवडाभर डोकं खाजवणं चालतं.

जे पिक्सेल लक्ष्यापर्यंत पोचत नाहीत ते मास्क करा. त्यांची जागाही बघा. इकडे-तिकडे विखुरलेले शे-दोनशे असतील तर चालतं. अख्खा कॉलम मेला असेल तर दोष चिपच्या रीडआउटमध्ये आहे. कोपऱ्यापासून आत सरकत जाणारा मृत पट्टा दिसला तर बम्प बाँड सुटत चाललेत. तो पट्टा प्रत्येक थंड-गरम चक्रानंतर वाढतो का, यावर लक्ष ठेवा.

मग थ्रेशोल्ड डॅकचा आकडा आणि ऊर्जा यांचं नातं बसवायचं. निदान दोन बिंदू हवेतच: तांब्याची फ्लुरोसन्स रेषा ८.०५ आणि मॉलिब्डेनमची १७.४८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ही जोडी सोयीची आहे. एकाच बिंदूवरून आणि शून्यातून रेषा ओढू नका, ऑफसेट शून्य नसतो.

शेवटी मोजणीसाठी थ्रेशोल्ड फोटॉनच्या ऊर्जेच्या निम्म्यावर ठेवा. दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडलेल्या फोटॉनचा चार्ज वाटला जातो. निम्म्यावर थ्रेशोल्ड असला की तो एकदाच मोजला जातो. खाली ठेवलात तर दोनदा मोजला जातो, वर ठेवलात तर सीमेवर आंधळी पट्टी तयार होते. चार पिक्सेल मिळतात त्या कोपऱ्यावर थोडे फोटॉन तरीही हरवतात, त्याला इलाज नाही. ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनसाठी थ्रेशोल्ड ४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ११०० इलेक्ट्रॉन. नॉइज आणि पिक्सेलांमधला उरलेला फरक यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. त्याची सहापट या ११०० च्या आत बसली पाहिजे.

तीव्रता वाढवली तर मोजणी कमी झाली! हे कसं शक्य आहे?

डेड टाइम. पल्स थ्रेशोल्डच्या वर असेपर्यंत पिक्सेलला दुसरा फोटॉन वेगळा दिसत नाही. साध्या काउंटरमध्ये दुसरा पल्स पहिल्यावर चढतो आणि बंद राहण्याचा काळ लांबवतो. बंद होत आलेल्या लिफ्टच्या दारात प्रत्येक नवा माणूस हात घालत राहिला तर लिफ्ट निघतच नाही, तसं हे.

२०० नॅनोसेकंद डेड टाइम धरा. खरा दर सेकंदाला १० लाख असेल तर मोजणी ८.१९ लाख येते. खरा दर ५० लाख झाला की मोजणी १८.४ लाखांवर शिखर गाठते, आणि त्यापुढे घसरते. म्हणजे मोजणीचा एकच आकडा दोन वेगवेगळ्या खऱ्या दरांचा असू शकतो, आणि कुठलंही सूत्र तुम्हाला त्यातला बरोबर कुठला ते सांगणार नाही. काही नव्या चिपा ठरावीक काळाने पल्स अजून वरच आहे का ते पुन्हा तपासतात, त्यामुळे वक्र निदान खाली वळत नाही.

दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती विश्वासाने करा. त्यापुढे बीम कमी करा. आणि सिंक्रोट्रॉनवर एक गोम आहे: पाठ्यपुस्तकातलं सूत्र फोटॉन यादृच्छिक येतात असं धरतं, पण इथे ते बंचांमध्ये, म्हणजे रिंगेत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या गठ्ठ्यांबरोबर, येतात. रिंग कशी भरली आहे त्यावर दुरुस्ती बदलते. म्हणून एकाच रोलमधून कापलेले ॲल्युमिनियम फॉइलचे दहाएक तुकडे जवळ ठेवा, एकेक वाढवत मोजणी घ्या आणि त्या दिवसाचा वक्र त्याच दिवशी काढा. मागच्या वेळचा वक्र चालवून घेऊ नका.

एफपीजीए कोणता घ्यावा?

एका चिपसाठी झायलिंक्सच्या ७ मालिकेतला आर्टिक्स-७ पुरतो. लिनक्सही त्याच बोर्डावर हवं असेल तर झिंक-७०००. दहा गिगाबिट इथरनेट लागत असेल तर किंटेक्स-७, कारण आर्टिक्सचे ट्रान्सीव्हर ६.६ गिगाबिटला थांबतात. लॉजिक सेल किती, याची काळजी फार करू नका. बँकांचे (पिनांच्या गटांचे) व्होल्टेज आणि बाहेर आलेल्या डिफरन्शियल जोड्या किती, हे बघा. डेव्हलपमेंट बोर्ड तिथेच फसवतात.

लिंक कधी चालते, कधी नाही. कुठे बघायचं?

आधी व्होल्टेज पातळी. बऱ्याच नव्या पिक्सेल चिपा एसएलव्हीएस (कमी व्होल्टेजचा डिफरन्शियल सिग्नल) देतात, आणि त्याचा कॉमन मोड (जोडीतल्या दोन तारांची सरासरी पातळी) फक्त ०.२ व्होल्ट असतो. ७ मालिकेच्या एफपीजीएचा एलव्हीडीएस (नेहमीचा डिफरन्शियल) इनपुट किमान ०.३ व्होल्ट मागतो. टेबलावर, एसीत, नशिबाने चालतं. मे महिन्यात बोर्ड तापला की चुका सुरू होतात. मध्ये एसएलव्हीएस स्वीकारणारा रिपीटर घाला, किंवा डेटा ८बी/१०बी सारख्या संतुलित (शून्यं आणि एक जवळपास सारखे असलेल्या) कोडमध्ये असेल तर कपॅसिटरने एसी कपलिंग करून एफपीजीएच्या बाजूला स्वतःचा कॉमन मोड द्या. कोड संतुलित नसेल तर एसी कपलिंग चालणार नाही, लांबलचक शून्यांवर पातळी वाहवत जाते.

दुसरं, टर्मिनेशन. एफपीजीएच्या आतला १०० ओहमचा रेझिस्टर या मालिकेच्या साध्या बँकांमध्ये बँक २.५ व्होल्टवर असतानाच धरायचा. ३.३ व्होल्टची बँक वापरली तर बाहेर, पिनच्या अगदी जवळ, १०० ओहम लावा. दोन्ही लावलेत तर ५० ओहम होतात आणि सिग्नल निम्मा.

तिसरं, सॅम्पलिंगची जागा. ६४० मेगाबिटला एक बिट १.५६ नॅनोसेकंदांचा असतो. २०० मेगाहर्ट्झच्या रेफरन्सवर इनपुट डिलेचा एक टॅप ७८ पिकोसेकंदांचा, असे ३२ टॅप; म्हणजे पूर्ण बिट आणि वर थोडं. प्रत्येक टॅपवर काही लाख बिट तपासून चुका मोजा, चुकाविरहित टॅपांची सलग पट्टी शोधा, तिच्या मधोमध बसा. मग बिटस्लिप करून (शब्दाची सुरुवात एकेक बिट सरकवून) कॉमा अक्षर, म्हणजे शब्दाची सीमा दाखवणारी ठरलेली खूण, जागेवर आणा. हे दर पॉवर-ऑनला आपोआप व्हायला हवं. कोडमध्ये ‘टॅप = ११’ असं कायमचं लिहून ठेवलेलं डिझाइन केबल बदलली की कोसळतं.

याचाच एक फायदा: वेगवेगळ्या जोड्यांच्या लांबी जुळवायला बोर्डावर नागमोडी ट्रेस काढत बसू नका. एफआर-४ वर सिग्नल मिलिमीटरला साधारण ७ पिकोसेकंद घेतो, त्यामुळे सेंटिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम एक टॅप. जोडीतल्या दोन तारांची लांबी मात्र एकमेकींशी जुळलेलीच हवी.

डेटा पीसीपर्यंत येतो, पण फ्रेम गळतात.

हिशोब करू. २५६ × २५६ पिक्सेल, १२ बिट, सेकंदाला १००० फ्रेम: ९८ मेगाबाइट प्रति सेकंद. हे साध्या गिगाबिट इथरनेटमध्ये बसतं. पण सोयीसाठी १२ बिट १६ मध्ये भरून पाठवलेत तर १३१ मेगाबाइट होतात, आणि गिगाबिटची वरची मर्यादाच १२५ आहे. म्हणजे एफपीजीएत बिट नीट घट्ट भरले तर दहा गिगाबिट कार्डाचा खर्च वाचतो.

तरी फ्रेम गळत असतील तर बहुधा लिनक्सचा यूडीपी रिसीव्ह बफर (आलेली नेटवर्क पाकिटं प्रोग्रॅमने उचलेपर्यंत ठेवायची जागा) भरतोय. तो मुळात २,१२,९९२ बाइटचा असतो. या दराने तो दोन मिलिसेकंदांत भरतो. प्रोग्रॅम तेवढा वेळ जरी दुसरीकडे गुंतला तरी पाकिटं जमिनीवर. कर्नलची कमाल मर्यादा ६४ मेगाबाइट करा आणि प्रोग्रॅममध्येही सॉकेटला तेवढा बफर मागा. नुसती मर्यादा वाढवून काही होत नाही, मागावाही लागतो. जंबो फ्रेम (मोठी नेटवर्क पाकिटं; चित्राच्या फ्रेमशी याचा संबंध नाही) चालू करा, पण वाटेतल्या स्विचसकट सगळीकडे. प्रत्येक पाकिटात क्रमांक घाला, म्हणजे गळती झाली हे निदान कळेल. पाकिटं घेणारा थ्रेड आणि डिस्कवर लिहिणारा थ्रेड वेगळे ठेवा. चित्र दाखवणारा तिसरा, आणि त्याला फ्रेम गाळायची परवानगी असू द्या.

डिस्कचं म्हणाल तर ९८ मेगाबाइट म्हणजे तासाला साडेतीनशे गिगाबाइट. १ टेराबाइटची डिस्क तीन तासांच्या आत भरते. स्वस्त एसएसडी पहिली काही मिनिटं झकास धावते आणि आतला वेगवान कॅशे संपला की वेग एकदम आपटतो. खरेदीआधी तासभर सलग लिहून बघा, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

पॉवर आणि अर्थिंगचं काय?

१४ मिलिमीटरच्या चौकोनी चिपला साधारण एक वॉट लागतो. १.५ व्होल्टवर ०.७ अँपिअर धरा. जाऊन-येऊन केबलचा रेझिस्टन्स ०.२ ओहम असेल तर ०.१४ व्होल्ट केबलच खाते आणि चिपला १.३६ मिळतात. म्हणून रेग्युलेटर चिपच्या बोर्डावर ठेवा, किंवा सेन्स तारा थेट चिपपर्यंत न्या. ॲनालॉग आणि डिजिटलला वेगवेगळे लिनियर रेग्युलेटर.

बायससाठी १०० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचे दोन टप्पे लावा. कपॅसिटर ५०० व्होल्टचा घ्या, कारण सिरॅमिक कपॅसिटर डीसी व्होल्टेजखाली आपली किंमत गमावतो. क्रम: आधी चिपची पॉवर, मग बायस हळूहळू वर. बंद करताना उलट.

आता माळव्याची खास गोष्ट. इथली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगसाठी उत्तम, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि अर्थ इलेक्ट्रोडशी तिचा संपर्क ढिला होतो. त्यामुळे पावसाळ्यात शांत असलेला सेटअप एप्रिल-मेमध्ये कुरकुरायला लागला तर आधी अर्थ पिट मोजून घ्या आणि त्यात पाणी घालण्याची सोय करा. पीसी आणि बोर्ड यांच्यामध्ये तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर टाकलं तर ग्राउंड लूपचा मोठा भाग मुळातूनच जातो. एवढ्या पैशात इतका फायदा देणारी दुसरी खरेदी आम्हाला माहीत नाही.

सेन्सर किती थंड करावा? पावसाळ्यात चालेल का?

सिलिकॉनचा लीकेज दर ७-८ अंशांना दुप्पट होतो, म्हणून थंड ठेवणं चांगलंच. पण दवबिंदू बघा. मे महिन्याच्या दुपारी ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू साडेआठ अंशांच्या आसपास येतो. चिलर १५ वर ठेवला तरी काळजी नाही. जुलैत २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २३ च्या वर जातो. तोच १५ अंशांचा चिलर तेव्हा सेन्सरवर पाणी आणतो, आणि शंभर व्होल्ट बायस असलेल्या सेन्सरवर पाणी म्हणजे खेळ खल्लास. बंद डबा, त्यात कोरड्या नायट्रोजनचा बारीक प्रवाह, आत आर्द्रतेचा सेन्सर, आणि दवबिंदू जवळ आला की बायस आपोआप उतरवणारा इंटरलॉक. हिवाळ्या-उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा उलट धोका स्थिर विजेचा. मनगटी पट्ट्याशिवाय चिप बोर्डाला हात लावू नका. वायर बाँडला तर कधीच नाही.

इंडस-२ च्या घड्याळाशी डिटेक्टर कसा जुळवायचा?

इंडस-२ ची ऊर्जा २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, परीघ सुमारे १७२.५ मीटर, आरएफ (इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देणारी रेडिओ वारंवारता) ५०५.८ मेगाहर्ट्झ आणि हार्मोनिक क्रमांक, म्हणजे रिंगेतल्या बकेटांची (बंच बसू शकतो अशा जागांची) संख्या, २९१. म्हणजे दोन बकेटमध्ये १.९८ नॅनोसेकंद आणि एक फेरी सुमारे ५७५ नॅनोसेकंदांची.

लगतचे बंच वेगळे करायचा मोह सोडा. ३०० मायक्रोमीटर सिलिकॉनमध्ये चार्ज गोळा व्हायलाच दहा ते तीस नॅनोसेकंद लागतात. त्यात लहान पल्स थ्रेशोल्ड उशिरा ओलांडतो, त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते. फेरीच्या पातळीवरचं काम मात्र सहज होतं.

फेरीचं घड्याळ १.७४ मेगाहर्ट्झचं. ते थेट एफपीजीएच्या क्लॉक मॅनेजरला देऊ नका, ७ मालिकेत त्याला किमान १० मेगाहर्ट्झ लागतात. आरएफला भाग देऊन घ्यायचं तर ४ किंवा ८ ने नको. २९१ म्हणजे ३ × ९७. आरएफला ३ ने भागा: १६८.६ मेगाहर्ट्झ मिळतात, आणि त्याचे नेमके ९७ ठोके म्हणजे एक फेरी. ४ ने भागलंत तर तोच कला-संबंध (फेज) चार फेऱ्यांनीच परत येतो, आणि हिस्टोग्राम का पसरतोय ते शोधत बसावं लागतं.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरच्या ॲरेला हेच लागू होतं का?

अर्धंच. हा एकेका फोटॉनलाही मोठा पल्स देणारा प्रकाश-सेन्सर; तिथे सेन्सरचाच गेन दहा लाखांच्या घरात असल्याने नॉइजची चिंता मिटते. त्याऐवजी तापमानाबरोबर सरकणारं ब्रेकडाउन व्होल्टेज आणि डार्क काउंट (अंधारातही येणारे पल्स) छळतात. बायस तापमानानुसार आपोआप बदलणारा हवा. ३२ चॅनेलची सिटिरॉक किंवा ६४ चॅनेलची टॉफपेट-२ चिप घ्या. पल्सचा पूर्ण आकार हवा असेल तर डीआरएस-४ आहे: १०२४ पेशी, सेकंदाला ५ अब्ज नमुन्यांपर्यंत. मात्र त्या १०२४ पेशी ३३ मेगाहर्ट्झने वाचायला ३१ मायक्रोसेकंद जातात, तेव्हा ट्रिगरचा दर त्याप्रमाणे ठेवा.

भारतात असं काही बनलंय का?

हो. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने डिझाइन केलेली १६ चॅनेलची मानस चिप सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये बनली आणि सर्नच्या ॲलिस प्रयोगात वापरली गेली. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावर कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ मॉड्यूल आहेत, प्रत्येकी २५६ पिक्सेलांचे, एकूण १६,३८४.

रेडिओॲक्टिव्ह स्रोत न वापरता डिटेक्टर चालतोय हे कसं तपासायचं?

स्रोतासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळावे लागतात, त्यामुळे त्याशिवाय जितकं होईल तितकं आधी उरकून घ्या. चिपचा आयडी वाचा. डॅकला वेगवेगळे आकडे देऊन बाहेरच्या पिनवर व्होल्टेज त्याप्रमाणे हलतं का ते मल्टिमीटरने बघा. टेस्ट पल्स द्या. मग बायस चढवत लीकेजचा आलेख काढा: तो सपाट व्हायला हवा, एकदम उसळी मारली तर बायस तिथेच थांबवा.

याच वेळी खोलीतला दिवा बंद-चालू करून बघा. लीकेज हलला तर डब्यात उजेड शिरतोय. हीच गोष्ट उलटी वापरा: सेन्सरच्या पाठीवर धातूचा अखंड थर नसेल तर लाल एलईडीचे काही नॅनोसेकंदांचे पल्स द्या आणि ट्रिगरशी वेळ जुळवून घ्या. एलईडी आणि सेन्सर यांच्यामध्ये भोक पाडलेला काळा कागद धरलात तर पिक्सेलांचा क्रम, उलटलेले कॉलम आणि आरशासारखी पालटलेली प्रतिमा, सगळं पाच मिनिटांत उघड होतं. भोक कोपऱ्यात आणि एकाच बाजूला पाडा. मधोमध पाडलेलं भोक पालटलेल्या प्रतिमेतही मधोमधच दिसतं.